बळी दिला, डाव जिंकला. पण खेळी बरोबर होती का?

रात्रीचे पावणेबारा. दिवसभराची ओपीडी, वॉर्डातला राउंड, संध्याकाळी आलेली एक तातडीची केस असं सगळं उरकून, जेवून मी पलंगावर आडवा झालेलो असतो. हातात मोबाइल, पडद्यावर चौसष्ट घरं. समोर कुठल्यातरी देशातला, मी कधीही न भेटलेला खेळाडू. दोघांना पाच-पाच मिनिटं. चौथ्याच खेळीला मी माझा उंट त्याच्या राजाशेजारच्या प्याद्यावर नेऊन आपटतो. राजा उंट मारतो. पाचव्या खेळीला मी घोडाही देऊन टाकतो. समोरचा थबकतो. त्याच्या घड्याळाचे सेकंद पळू लागतात. माझ्या छातीत मात्र आनंदाची धडधड.

"अहो, उद्या ओपीडी आहे ना?" पलीकडून आवाज येतो.

"हा एकच डाव," मी म्हणतो. हे वाक्य मी त्या रात्री चौथ्यांदा म्हणत असतो.

आरोग्याच्या सदरात बुद्धिबळ कशाला, असं वाचकांना वाटेल. पण या एका वेडगळ सुरुवातीने मला माझ्या मेंदूबद्दल, झोपेबद्दल आणि तीस वर्षं करत असलेल्या माझ्या व्यवसायाबद्दल जे शिकवलं, ते सांगण्यासारखं आहे.

तंगडी घालण्याची कला

बुद्धिबळात सुरुवातीलाच एखादं प्यादं किंवा मोहरा मुद्दाम देऊन हल्ल्याची संधी मिळवायची, याला गँबिट म्हणतात. हा शब्द मूळ इटालियन, कुस्तीतला. अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर तंगडी घालणं. काही गँबिट पक्के असतात, विश्वविजेतेही ते खेळतात. काही मात्र साफ कच्चे असतात. समोरच्याने शांतपणे योग्य उत्तरं दिली, तर बळी देणारा हरण्याच्या वाटेला लागतो.

मी खेळतो तो या दुसऱ्या जातीचा. त्याचं नाव जेरोम गँबिट. अलोन्झो व्हीलर जेरोम या अमेरिकन हौशी खेळाडूने तो शोधला आणि १८७४ मध्ये अमेरिकेतल्या एका बुद्धिबळ मासिकातून लोकांपुढे ठेवला. सुरुवात अगदी साधी असते. दोन्ही बाजूंची राजापुढची प्यादी दोन घरं पुढे येतात, मग एकेक घोडा बाहेर येतो, मग एकेक उंट. इथवर शाळकरी मुलंही हेच खेळतात. आणि मग एकाएकी पांढरा उंट एफ ७ वरचं प्यादं मारून शह देतो. राजाने उंट मारला की पांढरा घोडा ई ५ वरचं प्यादं मारून पुन्हा शह देतो. काळा घोडा त्यालाही मारतो. हिशेब करा. उंट आणि घोडा प्रत्येकी साधारण तीन प्याद्यांच्या मोलाचे. म्हणजे सहा दिले आणि मिळाली दोन प्यादी. मग पांढरा वजीर एच ५ वर येऊन तिसरा शह देतो.

या क्षणी काळा घाबरला आणि राजा ई ७ वर घेऊन बसला, तर पांढऱ्याचा वजीर आधी घोडा शहासकट खातो आणि पुढच्याच खेळीला उंटही खातो. दिलेलं सगळं परत, वर दोन प्यादी नफा. पण काळ्याने डोकं थंड ठेवून राजा धिटाईने पुढे, ई ६ वर नेला, तर दोन्ही मोहरे त्याच्याकडे राहतात. राजा पटाच्या मध्यावर उघडा दिसतो खरा, पण त्याला मात करायला पांढऱ्याकडे पुरेशी फौजच उरलेली नसते.

हे कळायला संगणक लागला नाही. इंग्लंडचा नावाजलेला खेळाडू जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न याच्यापुढे १८८० च्या दशकात लंडनमध्ये एका हौशी खेळाडूने हाच गँबिट टाकला. ब्लॅकबर्नचं टोपणनाव होतं 'ब्लॅक डेथ', म्हणजे युरोप ओस पाडणारी प्लेगची साथ. त्याने उलट आपलेच दोन्ही हत्ती आणि वजीर बळी दिले आणि चौदाव्या खेळीला उंटाने मात केली. तो डाव आजही पुस्तकांत छापला जातो. बिचाऱ्या हौशी खेळाडूचं नाव कुणाला ठाऊक नाही. मला त्याच्याबद्दल बंधुभाव वाटतो.

मग हा चालतो कसा?

चालतो, हे खरं आहे. त्याचं कारण गँबिटमध्ये कमी आणि समोरच्यात जास्त आहे. हौशी खेळाडूंचे डाव सूक्ष्म चालींवर ठरत नाहीत, घोडचुकांवर ठरतात. जो शेवटची मोठी चूक करतो तो हरतो. मग जी सुरुवात समोरच्याला लवकर गोंधळात टाकते, ती कच्ची असूनही गुण मिळवून देते.

यामागे मेंदूचं शास्त्र आहे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली, तर उत्तम खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी मांडून दाखवत. नवशिक्यांना ते जमत नसे. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, की उत्तम खेळाडूंचा फायदा जवळपास नाहीसा व्हायचा. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही जगावेगळी नव्हती. त्यांच्याकडे ओळखीच्या आकृत्यांचा मोठा साठा होता. आम्हा डॉक्टरांचंही तसंच असतं. अनुभवी डॉक्टर दारातून आत येणाऱ्या रुग्णाची चाल आणि चेहरा पाहूनच अर्धं निदान करतो, ते अशाच साठ्यातून.

जेरोम गँबिट हा साठा निकामी करतो. समोरच्याने अशी स्थिती कधी पाहिलेली नसते. आता त्याला प्रत्येक खेळी नव्याने मोजावी लागते, घड्याळ पळत असतं आणि उघड्या राजाची भीती वाटत असते. हातात सहा प्याद्यांचं घबाड असूनही तो चुकतो.

ही जादू कुठे चालत नाही, तेही मला आमच्याच रुग्णालयात कळलं. एक इंटर्न मुलगा चांगला खेळतो, असं ऐकलं होतं. दुपारी कँटीनमध्ये खराखुरा पट मांडून बसलो. मी उंट दिला, त्याने घेतला. घोडा दिला, घेतला. वजिराने शह दिला. तो मिनिटभर पटाकडे बघत बसला, चहाचा घोट घेतला आणि राजा अलगद ई ६ वर ठेवला. विसाव्या खेळीच्या आसपास मी हात पुढे केला. "कसं सुचलं रे तुला?" मी विचारलं. तो संकोचून म्हणाला, "सर, तुम्ही दिलं ते मी घेतलं. मग फक्त घाई केली नाही."

वही काय म्हणाली

त्या संध्याकाळी मी एक वही केली. प्रत्येक डावाची तारीख, समोरच्याचं मानांकन, निकाल आणि डाव कशामुळे फिरला ते लिहायचं. तोवर मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं, की या गँबिटने मी हरतो त्यापेक्षा जिंकतो जास्त. दोन महिन्यांनी बेरीज केली, तर उलटं निघालं. हरलेले डाव जास्त होते. जिंकलेल्यांपैकी बहुतेक माझ्यापेक्षा कमी मानांकनाच्या खेळाडूंविरुद्धचे होते.

मानांकनाचं गणित इथे समजून घेण्यासारखं आहे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने ते बसवलं आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारलं. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याने शंभरात साधारण ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. म्हणजे दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मी साधं, शहाण्यासारखं खेळलो असतो तरी बहुतेक डाव जिंकलोच असतो. श्रेय मात्र मी गँबिटला देत होतो.

मग माझी आठवण इतकी खोटी का? कारण हरलेले डाव कंटाळवाणे होते आणि जिंकलेले दिमाखदार. माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींवर वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने केलेलं काम प्रसिद्ध आहे. अपेक्षित असलेला फळांचा रस मिळाला तर या पेशी फारशा हलत नाहीत. अनपेक्षित मिळाला, तर जोरात पेटतात. दोन मोहरे देऊन जिंकणं म्हणजे असाच अनपेक्षित रस. त्याआधी बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर दाखवलं होतं, की दरवेळी बक्षीस देण्यापेक्षा मधूनच, बेभरवशाने दिलं तर प्राण्याची सवय जास्त चिवट होते आणि बक्षीस बंद झालं तरी लवकर सुटत नाही. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. माझ्या पलंगावर रात्री पावणेबाराला तेच चाललं होतं.

बरा झाला म्हणजे औषध बरोबर?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी लोकांना काही निर्णयांच्या हकिकती वाचायला दिल्या. त्यांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा निर्णय होता. माहिती तीच, धोका तोच, निर्णय तोच. फक्त शेवट वेगळा. एकात रुग्ण वाचला, दुसऱ्यात दगावला. रुग्ण वाचला तेव्हा लोकांनी तोच निर्णय अधिक चांगला ठरवला. निकाल पाहून निर्णयाची किंमत ठरवण्याच्या या खोडीला 'आउटकम बायस' म्हणतात.

वैद्यकाचा इतिहास या खोडीने भरलेला आहे. ताप आला, न्यूमोनिया झाला की शीर कापून रक्त काढायचं, हा उपचार युरोपात दोन हजार वर्षं चालला. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात घशाच्या आजाराने गेले, तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांच्या अंगातून भरपूर रक्त काढण्यात आलं होतं. ते डॉक्टर मूर्ख नव्हते. रक्त काढलेले कितीतरी रुग्ण बरे झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ते रुग्ण उपचारामुळे बरे झाले की उपचार असूनही, हे कुणी मोजलं नव्हतं. पॅरिसच्या पिएर लुई यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, गट पाडले, मोजलं आणि १८३५ च्या पुस्तकात दाखवलं, की रक्त काढण्याचा उपयोग समजतात त्यापेक्षा फारच कमी आहे. थोडक्यात, त्यांनी वही केली.

आजही हे चालतं. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. तिसऱ्या दिवशी प्रतिजैविक घेतलं आणि सहाव्या दिवशी बरं वाटलं, की श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या वेळी रुग्ण ओपीडीत येऊन तीच 'पॉवरवाली' गोळी मागतो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. अंगातले जिवाणू मात्र त्या औषधाला सरावतात. सर्दी हा दुबळा प्रतिस्पर्धी आहे. त्याच्यापुढे कुठलाही गँबिट जिंकतो.

माझा हरलेला डाव

अठ्ठावीस-एक वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर रांग. पन्नाशीच्या आतला एक शेतकरी आला. "डॉक्टरसाहेब, सकाळपासून छातीत जळजळतंय, मळमळतंय," म्हणाला. रात्री लग्नाचं जेवण झालं होतं. ईसीजीचं यंत्र कपाटात होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती, तो जेवायला गेला होता. मी पोट तपासलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. त्याला बरंही वाटलं. जाताना हात जोडून गेला.

अशी कितीतरी माणसं मी तोवर पाठवली होती आणि ती सगळी ठीक होती. त्यामुळे माझी पद्धत बरोबर आहे, असा माझा समज होता. खरं तर त्यांना हृदयविकार नव्हता, एवढंच. पद्धत तशीच कच्ची होती.

रात्री आठला त्याला जीपमधून परत आणलं. घामाने चिंब, रक्तदाब खाली गेलेला. आता काढलेल्या ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे गुठळी विरघळवणारं औषध दिलं गेलं. तो वाचला, पण या औषधाचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो आणि ते तास माझ्याकडे खर्च झाले होते. त्याचं हृदय कायमचं अशक्त राहिलं. पुढे दोन वर्षं तो औषधासाठी माझ्याकडेच यायचा आणि दरवेळी, "साहेब, तुम्ही वाचवलंत," म्हणायचा. मी त्याला खरं काय ते एकदा सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुम्हाला तरी काय माहीत होतं?" प्रश्न तोच होता. मला माहीत करून घेता आलं असतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. छातीची तक्रार, ती कितीही पित्तासारखी वाटो, ईसीजीशिवाय घरी जात नाही. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा, असा आज मान्य दंडक आहे. पहिला ईसीजी ठीक आला तरी संशय असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं: छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, वेदना हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम, दम लागणं, मळमळ अशी चिन्हं दिसली, तर घरच्या घरी सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये वेदना कमी आणि थकवा, दम किंवा उलटी जास्त, असंही होतं. १०८ ला फोन करा. दहा वेळा ते पित्त निघेल. अकराव्या वेळेसाठी यायचं असतं.

आणि झोपेचं काय?

मध्यरात्रीच्या डावांचीही एक किंमत आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी ढासळते. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला मी पावणेबाराला त्या अवस्थेत खेळत होतो. हरलो की चिडून पुढचा डाव, त्यात आणखी वाईट खेळ, मग आणखी एक. शेवटी फोन ठेवला तरी धडधड थांबायला वेळ लागायचा. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, हे मी दिवसभर रुग्णांना सांगतो. स्वतः साडेपाच तासांवर आलो होतो. त्याच काळात माझा रक्तदाब वाढलेला निघाला. सगळा दोष गँबिटचा नाही, वय आणि मीठही आहे. पण रक्तदाबाच्या रुग्णाला मी झोपेबद्दल विचारतोच, मग स्वतःला का नाही?

आता मी काही नियम केले आहेत. खेळायचं ते रात्रीच्या जेवणाआधी. तीन डाव, मग फोन दुसऱ्या खोलीत. लागोपाठ दोन हरलो, तर त्या दिवशीचा खेळ बंद. आणि जिंकलेला डावही संगणकावर तपासायचा. हरलेला डाव सगळेच तपासतात. जिंकलेल्या डावातल्या चुका कुणी बघत नाही, आणि त्याच पुढे महागात पडतात. आमच्या रुग्णालयात मृत्यूंची समीक्षा बैठक होते. माझं मत असं, की वाचलेल्या रुग्णांतही आपण कुठे केवळ नशिबाने सुटलो, याची एक बैठक व्हावी.

जेरोम गँबिट मी सोडलेला नाही. पटावर हरलो तर काही गुण जातात, कुणाचं हृदय जात नाही. धाडस करून बघायला याहून स्वस्त जागा नाही. फक्त जिंकल्यावर वहीत निकालाशेजारी आणखी एक रकाना असतो: 'खेळी बरोबर होती का?' तिथे बहुतेक वेळा 'नाही' लिहावं लागतं.

परवा त्या इंटर्नने पुन्हा पट मांडला. या वेळी पांढरे मोहरे त्याचे होते. चौथ्या खेळीला त्याने उंट उचलला, माझ्या प्याद्यावर आपटला आणि हसून माझ्याकडे पाहिलं. मी उंट घेतला. मग घोडा घेतला. आणि मग चहा मागवला.